सुलास्त्री पळाली नाही

सुलास्त्री चेटकीण नव्हती. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे वाचणाऱ्याला शेवटपर्यंत ताटकळायला नको. चेटकीण मी इतक्या वर्षांत एकही पाहिली नाही. दुसरीला चेटकीण म्हणणाऱ्या मात्र पुष्कळ पाहिल्या, आणि त्या सगळ्या पोटभर जेवणाऱ्या होत्या.

ती आमच्या शेजारच्या घरात कामाला होती. सेम्बावांगला नवव्या मजल्यावर एकाच कॉरिडॉरमध्ये आमची दारं. माझा मुलगा संजय इथल्या जहाजांच्या यार्डात इंजिनियर आहे. नवरा गेल्यावर त्यानं मला गुहागरहून इथं परदेशात आणलं. शेजारचे पुण्याचे. मंदार आणि शिल्पा दोघंही कॉम्प्युटरवाले, आणि त्यांची एक मुलगी ईरा. सुलास्त्री जावा बेटावरची, मुसलमान. ईराचा जन्म झाला त्याच महिन्यात ती या घरात आली. मी आले तेव्हा ईरा शाळेत जाऊ लागली होती.

सुलास्त्री हे नाव लांब पडतं म्हणून शिल्पानं तिचं सुलू केलं. मी पूर्ण नावानंच हाक मारायची. लग्नात माझं नाव बदललं तेव्हा मला कुणी विचारलं नव्हतं, आणि ते मला आवडलंही नव्हतं.

बुटकी बाई. पावलं रुंद, चाल मात्र अशी की मागे येऊन उभी राहिली तरी कळायचं नाही. हसताना तोंडावर हात धरायची, कारण पुढचा एक दात दुसऱ्यावर चढलेला. भेटेल त्याला एकच प्रश्न विचारायची, "आंघोळ झाला?" त्यांच्याकडे तशी पद्धत आहे म्हणे. आपण जेवलात का विचारतो तसं. पण हे आम्हाला कुठं माहीत? एकदा लिफ्टमध्ये तिनं संजयला विचारलं. लिफ्टमध्ये चार माणसं. संजय यार्डातून आलेला, अंगाला ग्रीसचा वास. घरी येऊन तो दोनदा साबण लावून न्हाला आणि मग मला म्हणाला, "आई, मला खरंच एवढा वास येतो का गं?"

तिचं मराठी हा एक वेगळाच प्रकार होता. ईराच्या जन्माच्या वेळी शिल्पाची आई सहा महिने येऊन राहिली होती. त्या बाईंना इंग्रजी येत नव्हतं, आणि त्या कामवालीशी गप्पा मारणाऱ्यांतल्या नव्हत्या. त्यांनी फक्त कामं सांगितली. हात धू. झाकून ठेव. बाळाला घे. हळू बोल. सुलास्त्रीनं ते सगळं उचललं. त्यामुळे मराठीत तिला हुकूमच येत होते. मी पहिल्यांदा त्यांच्याकडे गेले तेव्हा ती मला म्हणाली, "आजी, ये. चप्पल बाहेर ठेव. बस. पाणी पी." मला क्षणभर वाटलं, ही कोण लागून गेली! नंतर लक्षात आलं की ती माझा मान ठेवत होती. तिच्याकडे दुसरे शब्दच नव्हते.

ईरालाही जे काही मराठी येत होतं ते सुलास्त्रीकडूनच आलेलं. आईबाप तिच्याशी इंग्रजीत बोलायचे. ती मला इथल्या मुलांसारखं शेवटी लाह लावून म्हणायची, "आजी, यू सिट लाह. पाणी पी." शिल्पा मैत्रिणींना अभिमानानं सांगायची, "आम्ही घरात मराठी टिकवलंय." टिकवलं कुणी ते मला माहीत होतं.

ती झोपायची बॉम्ब शेल्टरमध्ये. इथल्या फ्लॅटमध्ये लढाई झाली तर लपायला म्हणून एक लहान खोली असते. दार लोखंडी, खिडकी नाही. लढाई काही होत नाही. मग त्या खोलीत लोक जुन्या बॅगा, कांदे-बटाटे आणि कामवाली ठेवतात. सुट्टी महिन्यातून एक रविवार. तीसुद्धा कायदा आला म्हणून. आधीची काही वर्षं तीही नव्हती. पासपोर्ट शिल्पाच्या कपाटात.

मी एकदा म्हटलं, "शिल्पा, ही गुलामच झाली की."

तिला राग आला. "काकू, असं काय बोलता! हेल्पर आहे ती. आम्ही तिला घरच्यासारखं वागवतो."

"घरच्यांचे पासपोर्ट कुठं असतात?"

"माझ्याच कपाटात. मंदारचा पण. तो हरवतो."

हे खरं होतं. मंदार छत्री तर दर आठवड्याला हरवायचा.  शिल्पा वाईट बाई नव्हती, हेही लिहून ठेवते. वाईट बाईबद्दल लिहिणं सोपं असतं.

मला एकदा सडकून सर्दी-ताप झाला. घरी कोणी नव्हतं. सुलास्त्री कपडे वाळत घालताना माझा खोकला ऐकून आली. कपाळाला हात लावला आणि म्हणाली, "वारा शिरला. पालथी झोप." खोबरेल तेल आणलं, खिशातून एक जाड नाणं काढलं आणि माझी पाठ मणक्यापासून फासळ्यांपर्यंत खरडून काढली. मी तिला शिव्या घातल्या. ती म्हणाली, "गप. वारा ऐकतो." मग मला अशी झोप लागली की संध्याकाळीच जाग आली. सून वैशाली घरी आली, माझी पाठ बघितली आणि किंचाळली. पाठीवर वाघासारखे लाल पट्टे. ती पोलिसांना फोन करायला निघाली. मी म्हटलं, "आधी मला भात वाढ." चार दिवसांनी मला भूक लागली होती. तापाची वेळ भरली होती की नाण्यानं तो गेला, मला माहीत नाही. पण तिनं माझ्या पाठीला हात लावला होता. या देशात माझ्या पाठीला दुसऱ्या कुणी हात लावलेला नव्हता.

आमची खरी ओळख झाली ती हळदीकुंकवाच्या दिवशी. संक्रांतीनंतर शिल्पा सगळ्या मराठी बायकांना बोलवायची. पार लांबच्या चोआ चू कांगपासून बायका यायच्या, काळ्या साड्या नेसून, लिफ्टमध्ये पदर सावरत. मी विधवा. शिल्पा म्हणायची, "काकू, आम्ही असलं काही मानत नाही, तुम्ही बाहेर सगळ्यांत बसा." पण कुंकवाची कोयरी माझ्यापाशी आली की प्रत्येकीचा हात अडखळायचा. मी म्हटलं, कशाला त्यांची पंचाईत करा. मी स्वयंपाकघरात जाऊन बसले. तिथं सुलास्त्री तिळाचे लाडू वळत होती. तिला बाहेर बोलवायचा प्रश्नच नव्हता. तिचा नवरा दुसऱ्या बाईबरोबर गेलेला. आम्ही दोघी स्टुलांवर बसून लाडू वळले. गूळ गरम असताना वळावे लागतात, हात भाजतात. माझे भाजले. तिचे भाजत नव्हते. ती म्हणाली, "आजी, फुंकर-फुंकर घाल." तिला काहीही जास्त सांगायचं असलं की ती दोनदा म्हणायची. बाहेर बायका उखाणे घेत होत्या. तिनं विचारलं, "काय बोलते-बोलते?" मी म्हटलं, "नवऱ्याचं नाव घेतात." ती म्हणाली, "पुन्हा येतो का नाव घेऊन?" आणि तोंडावर हात धरून हसली. पुढे दर संक्रांतीला आमची बैठक स्वयंपाकघरातच.

आता मुद्द्यावर येते.

शिल्पाला दुसरं मूल हवं होतं. दोनदा दिवस राहिले आणि दोनदा गेले. दुसऱ्या वेळी तर बरेच महिने भरत आले होते. तिची आई आजारी, येऊ शकली नाही. सुलास्त्रीनं तिच्या चादरी धुतल्या, मऊ भात भरवला, पायांना तेल चोळलं. मी बघायला गेले तर शिल्पा भिंतीकडे तोंड करून पडलेली आणि ही पायथ्याशी बसून तिचे तळवे दाबतेय. मला बघून म्हणाली, "हळू बोल."

पुढे शिल्पाच्या मावशीनं पुण्यात कोण्या महाराजांना विचारलं. ते फोनवरच सांगतात. ते म्हणाले, तुमच्या वंशाचं काहीतरी घरातच कुणीतरी बांधून ठेवलंय. ते निघाल्याशिवाय पुढचं मूल टिकणार नाही. शिल्पा एवढी शिकलेली, पण पोटातलं मूल गेलेल्या बाईला कुणी काहीही सांगावं आणि तिनं ऐकावं, असं होतं. त्याबद्दल मी तिला बोल लावत नाही. बोल लावते तो त्यानंतरच्या गोष्टीबद्दल.

रविवार होता. सुलास्त्री सुट्टीवर बाहेर गेलेली. शिल्पानं तिची खोली तपासली आणि मग मला बोलवायला आली. चेहरा पांढराफटक.

जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरलेलं, त्यावर लाल कापडाची एक पुरचुंडी, चिमट्यानं उघडलेली. हात कोणी लावत नव्हतं. मंदार लांब उभा. आत केसांची एक बट दोऱ्यानं बांधलेली, चार-पाच दुधाचे दात आणि सुंठीच्या तुकड्यासारखं काळं काहीतरी.

"काकू, तुम्ही जुन्या. हे कसं जाळायचं असतं? जाळायचं की पाण्यात सोडायचं?"

मी ते काळं हातात घेतलं. शिल्पा ओरडली. मी म्हटलं, "ओरडू नकोस. ही नाळ आहे. बाळाच्या बेंबीची गळून पडते ती. वाळल्यावर अशी होते. संजयची मी कितीतरी वर्षं डबीत ठेवली होती. ईराची कुठं आहे?"

"हॉस्पिटलमधून आल्यावर पडली. मी सुलूला दिली होती टाकायला."

"आणि तिचं जावळ?"

"बाथरूममध्ये काढलं होतं. ते पण तिलाच सांगितलं, टाकून दे."

"मग तिनं टाकलं नाही. एवढंच झालं."

"तेच तर!" शिल्पा म्हणाली. "का नाही टाकलं? आठ वर्षं कशाला ठेवलं? महाराजांना हे फोनवरून कसं दिसलं?"

"केस कुणाच्या घरात नसतात? माझ्या घरात शोधलं तर वैशालीच्या कंगव्यात सापडतील."

"काकू, तुमच्या पाठीवर तिनं काय केलं होतं आठवतं ना? आणि ती चालताना आवाज येत नाही, हे तुम्हीच म्हणाला होतात."

"मग काय पायात घुंगरू बांधायचे होते तिनं? आणि तू दर शनिवारी ईरावरून मीठ-मोहऱ्या ओवाळून टाकतेस, ते काय असतं?"

"ती दृष्ट काढते मी. ते वेगळं."

मंदार म्हणाला, "काकू, माझा या असल्या गोष्टींवर विश्वास नाही. पण घरात शांतता हवी. तिला पाठवून देऊ." असे पुरुष मी गुहागरलाही पाहिलेत. विश्वास नसतो, पण काम त्याच विश्वासाचं करतात.

सुलास्त्री संध्याकाळी आली. तिला विचारलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "बाळाचं आहे. टाकायचं नाही." पुन्हा विचारलं, पुन्हा तेच. तिला भांडणाचं मराठी येत नव्हतं. ते तिला कुणी शिकवलेलं नव्हतं.

शिल्पानं त्याच दिवशी बायकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मराठीत लिहिलं. आमच्या कामवालीनं घरात करणी केली, पुरावा सापडला, हिला कुणीही कामाला ठेवू नका. वैशालीनं मला वाचून दाखवलं. खाली सगळ्या बायकांचे जोडलेले हात. नमस्कार कुणाला होता कोण जाणे. त्या बायकांनी आपापल्या कामवाल्यांना सांगितलं. दोन दिवसांत खाली ब्लॉकच्या बाकांवर बसणाऱ्या सगळ्या जावाच्या बायका सुलास्त्री आली की उठून जाऊ लागल्या. त्यातली एक तिच्या मुलखातली होती.

नवी कामवाली यायला काही आठवडे लागणार होते. तोवर सुलास्त्री तिथंच. ईराजवळ जायचं नाही, तिची वेणी घालायची नाही, पण बाकी सगळं काम करायचं. मी शिल्पाला म्हटलं, "करणी करणारीच्या हातची पोळी खातेस कशी?"

तिनं माझ्याकडे बघितलं नाही. "दुसरी येईपर्यंत काय करू, काकू? मला ऑफिस आहे."

या उत्तरानं मात्र मी खरंच गार पडले. भूत असलं तरी त्याच्याकडून भांडी घासून घ्यायची!

सुलास्त्री तशीच कामं करत राहिली. खिडकीतून बांबूवर कपडे घालायची, आधीसारखीच, आतले कपडे आतल्या बाजूला, चादरी बाहेर. पण आंघोळ झाला का, हे विचारणं बंद केलं. वैशालीनं तिला समजावलं, तुमच्या एम्बसीत जा, तिथं राहायला देतात. किंवा इथल्या सरकारी ऑफिसात तक्रार कर. निघून जा. ती ऐकून घ्यायची आणि मान हलवायची. नाही.

एके सकाळी कॉरिडॉरमध्ये मी तिला धरलं. "का जात नाहीस? इथं काय ठेवलंय?"

तिनं हातातला ओला टॉवेल पिळून पिळून कोरडा केला आणि मग सांगितलं. तिच्या तुटक मराठीत सांगितलं, पण मला सगळं कळलं. कळायला अवघड नव्हतंच.

तिची आई सुईण. अर्ध्या गावाच्या नाळा तिनं कापलेल्या. सुलास्त्री लहान असताना त्यांच्याकडे असे दिवस आले की लोक कुणालाही चेटूक करणारा म्हणायचे, दारावर रंगानं खूण करायचे आणि मग जमाव यायचा. काही माणसं मारली. एका मोठ्या घरातलं मूल जन्मताच गेलं होतं, आणि ते बाळंतपण आईनं केलेलं. आईच्या दारावर खूण उमटली. बाप म्हणाला, पळू या. पहाटेच्या बसनं ती सगळी लांबच्या मामाकडे गेली. कोणी मेलं नाही. पण परत कधी घर दिसलं नाही. आईला पुन्हा कुणी बाळंतपणाला बोलावलं नाही.

"आई म्हणते, पळायला नको होता," सुलास्त्री म्हणाली. "पळाला म्हणून खरं झालं. आईला कोणी विचारलं नाही, तू काय केलं? आईनं कोणाला सांगितलं नाही." मग खालच्या बाकांकडे बोट दाखवलं. "ती बाई मामाच्या गावात फोन करते. आता मी पळाले तर सगळे म्हणणार, बघ, आई तशी, मुलगी तशी. तिथं आई आहे. माझा मुलगा आहे."

"मग काय करणार?"

"मॅडम बोलणार. ज्यांना सांगितलं त्यांना बोलणार. मग मी जाते."

"ती नाही बोलायची."

"मग मी इथं उभी."

मी तिला विचारलं, ते दात, केस तू ठेवलेस तरी कशाला? ती म्हणाली, "माझ्या मुलाचा नाळ आईनं ठेवला. दात कोणी नाही ठेवला. आई म्हातारी, विसरली. मी इथं होते." मग टॉवेल बांबूवर टाकला. "ईराचे मी ठेवले. आई-आई विसरते. कोणीतरी ठेव."

त्या वर्षीचं हळदीकुंकू शिल्पानं रद्द केलं नाही. आमंत्रणं आधीच गेली होती, आणि रद्द केलं तर कारण सांगावं लागलं असतं. नवी कामवाली अजून आलेली नव्हती. म्हणजे लाडू सुलास्त्रीच वळणार. मी नेहमीसारखी जाऊन स्टुलावर बसले. तिनं माझ्याकडे न बघता परात माझ्या बाजूला सरकवली. आम्ही वळू लागलो. 

बायका आल्या. ईराला क्लासला पाठवलेलं. बाहेर बोलणं चाललं होतं, पण दर वर्षीसारखं नाही, दबलेलं. बऱ्याच जणी बघायलाच आल्या होत्या. बघायचं काय ते मला ठाऊक होतं.

शिल्पानं बाहेरून हाक मारली, "लाडू आणा." तिनं "सुलू" म्हटलं नाही.

सुलास्त्रीनं हात धुतले, पदराला हात पुसतात तसे कुर्त्याला पुसले, ताट उचललं आणि बाहेर गेली. मी दारात जाऊन उभी राहिले. पहिली बाई म्हणाली, "अय्या, माझं डाएट चाललंय." दुसरी म्हणाली, "मी आत्ताच खाऊन आले." तिसरीनं दोन बोटांनी लाडू उचलला, कागदाच्या रुमालात गुंडाळला आणि पर्समध्ये टाकला, नंतर फेकायला. संक्रांतीचा तीळ नाकारणाऱ्या बायका मी जन्मात पहिल्यांदा बघितल्या.

सुलास्त्री पूर्ण फिरली. एकही बाई सोडली नाही. मग तिनं ताट मधल्या टेबलावर ठेवलं आणि शिल्पासमोर उभी राहिली. पावलं घट्ट रोवलेली, हात पोटावर.

"मॅडम, सांग."

कोणाला काही कळेना. शिल्पाला कळलं. "सुलू, आत जा."

"जाते. तू आधी सांग. मी काय केलं?"

"मी सांगितलं ना, आत जा!"

"सगळ्या-सगळ्या इथं आहेत. यांना फोनमध्ये सांगितलं. मला सांग. मी ऐकते."

एक बाई म्हणाली, "शिल्पा, तिला आत पाठव ना, मला कसंतरी होतंय." मी दारातून म्हटलं, "तुम्हाला कसंतरी होत असेल तर बाहेर कॉरिडॉर आहे." माझं तेवढंच बोलणं झालं. बाकी सगळं तिनंच केलं.

सुलास्त्रीनं कमरेतून ती लाल पुरचुंडी काढली. शिल्पानं ती जाळायला दिली होती, हिच्याकडेच दिली होती. हिनं अर्थातच जाळली नव्हती. टेबलावर उघडली. "हा ईराचा नाळ. पडला तेव्हा मॅडम झोपलेली. हे केस, पहिले केस. मॅडमनी कापले. हा दात शाळेत पडला. हा सफरचंदात. हा मी काढला, दोऱ्यानं, ईरा रडली नाही." एकेक वस्तू बोटानं दाखवली, भाजी मांडून ठेवावी तशी. "तू सांगितलं टाक. मी टाकलं नाही. हे मी केलं. दुसरं काय केलं, सांग."

शिल्पाचा चेहरा लाल झाला होता. ती बायकांकडे वळून घाईघाईनं म्हणाली, "ओके लेडीज, इट वॉज अ मिसअंडरस्टँडिंग. लेट्स नॉट..."

"मराठी," सुलास्त्री म्हणाली. "फोनमध्ये मराठी लिहिला होता."

शिल्पा त्या दातांकडे बघत होती. मला वाटतं, त्यातला एक सफरचंदात पडला होता हे तिला तेव्हाच कळलं असेल. तो पडला त्या दिवशी ती ऑफिसात असणार.

मग ती बोलली. हळू, पण सगळ्यांना ऐकू येईल असं. "हिनं काही केलं नाही. टाकायला मीच दिलं होतं. मी ग्रुपवर लिहिलं ते खोटं होतं." आणि मग सोफ्यावर बसली आणि रडू लागली. "दोनदा गेलं हो माझं. दोनदा. मला कळतच नव्हतं कुणाला धरू."

कुठलीच बाई उठली नाही. सगळ्या साड्यांच्या निऱ्या बघत बसल्या. सुलास्त्री स्वयंपाकघरात गेली, माझ्या बाजूनं, आणि पेला घेऊन बाहेर आली.

"गप. पाणी पी," ती म्हणाली.

शिल्पा प्यायली. मग एका बाईनं ताटातला लाडू उचलून खाल्ला आणि म्हणाली, "छान झालेत हं." तो तिनं अर्ध्या तासापूर्वी खाल्ला असता तर जास्त छान लागला असता.

संध्याकाळी शिल्पानं ग्रुपवरही तेच लिहिलं. वैशालीनं वाचून दाखवलं. खाली पुन्हा सगळ्यांचे जोडलेले हात.

शिल्पानं सुलास्त्रीला राहा म्हणून विनवलं. पगार वाढवते, दर रविवारी सुट्टी, पासपोर्ट तुझा तू ठेव. सुलास्त्री म्हणाली, "नको. ट्रान्सफर दे." म्हणजे इथंच दुसऱ्या घरी कामाला जायची परवानगी. शिल्पानं दिली. जाताना तिनं पुरचुंडी टेबलावर ठेवली आणि ईराच्या केसांची वेणी घातली, घट्ट, जशी नेहमी घालायची. ईरा म्हणाली, "ओ, पेनफुल लाह, सुलू." मी माझ्या दारात होते. मला म्हणाली, "आजी, वारा शिरला तर पालथी झोप." लिफ्ट आली आणि ती गेली.

त्यानंतर बरेच महिने गेले. वैशालीबरोबर मी तोआ पायोहला डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेले होते. तिथल्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या टपऱ्या असतात तिथं, चहा घेत होतो. गर्दी होती, पंखे फिरत होते. एका खांबाआड व्हीलचेअरवर एक चिनी म्हातारी बसलेली, आणि तिच्यासमोर सुलास्त्री, चमच्यानं तिला पेज भरवत, चिनीत काहीतरी दटावत. तेही हुकूमच असणार. म्हातारी तोंड फिरवत होती आणि तरी खात होती.

तिनं मला बघितलं. चमचा हातात तसाच धरून तिथूनच ओरडली, "आजी! आंघोळ झाला?"

शेजारच्या टेबलावरचे दोन तमिळ गृहस्थ माझ्याकडे बघू लागले. मी म्हटलं, "झाली. तुझी?"

ती जवळ आली. गावी जाऊन आल्याचं तिनं सांगितलं. आईला भेटली. मुलगा तिच्याहून उंच झाला. "आईला सांगितलं. मी उभी राहिले. सगळ्यांसमोर."

"आई काय म्हणाली?"

"पुन्हा सांग म्हणाली. मी सांगितलं. पुन्हा सांग म्हणाली." तिनं तोंडावर हात धरला. "चार दिवस तेच-तेच."

म्हातारीनं मागून टेबलावर हात आपटला. सुलास्त्री जायला वळली, आणि मग थांबली.

"ईराची दाढ हलत होती. पडली?"

"पडली."

"कुठं ठेवली?"

"शिल्पानं ठेवलीय. तुझ्याच त्या लाल फडक्यात."

"धुऊन-धुऊन ठेवली?"

"ते मी नाही विचारलं."

"विचार," ती म्हणाली, आणि व्हीलचेअरचा ब्रेक सोडून म्हातारीला ढकलत निघून गेली. गर्दीतही तिच्या पावलांचा आवाज आला नाही.

घरी आल्यावर मी शिल्पाचं दार वाजवलं आणि विचारलं. दाढ धुऊन ठेवली होती.